खेळ पेटीत राहत नाही

गंजिफा म्हटले की आज बहुतेकांना सावंतवाडी आठवते. लाकडी फळे, लाकडी खेळणी आणि त्यांच्या शेजारी गोल पत्त्यांची रंगवलेली पेटी. ही पेटी भेट म्हणून घरी येते आणि काचेच्या कपाटात जाते. कधी त्यातली दहा पाने चौकटीत बसून भिंतीवर लागतात. पण या पानांनी डाव मांडणारी घरे फार थोडी. चित्र टिकले आणि खेळ मागे पडला, असे का झाले? हा प्रश्न एकट्या गंजिफेचा नाही. संगणकावरचे खेळ आणि शाळेसाठी बनलेले शैक्षणिक सॉफ्टवेअर यांचे वय गंजिफेपुढे काहीच नाही, तरी तेही याच वळणावर आलेले आहेत. म्हणून या दोन्हींचा इतिहास एकत्र पाहायला हवा.

गंजिफा इराणकडून आपल्याकडे आली. हिंदुस्थानातल्या तिच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक बाबराच्या आत्मचरित्रात आहे. इ.स. १५२७ मध्ये त्याने सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफेचे पत्ते पाठवले, कारण शाह हसनने ते मागितले होते. पुढे अकबराच्या काळात अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले. जुन्या प्रकारात बारा रंग असत असे तो सांगतो. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती अशी त्या रंगांची नावे. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १४४. फारसी ग्रंथात आलेली ही संस्कृत नावे पाहिली की इथे पोचताच या खेळाने इथली भाषा घेतली हे कळते. पुढे सर्वांत जास्त पसरली ती आठ रंगांची, ९६ पानांची मोगल गंजिफा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे तिचे रंग. मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, चाकर, वीणेसारखे वाद्य, सोन्याचे नाणे, सनद आणि भांडारातला माल: एका दरबाराचा सारा कारभारच या आठ चिन्हांत मावला होता.

दरबाराची ही गंजिफा घराघरांत शिरताना बदलली. तिची दशावतारी गंजिफा झाली: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. राजाच्या पानावर स्वतः अवतार, प्रधानाच्या पानावरही तोच, पण जरा कमी थाटात, आणि बाकीच्या पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. खुणा सगळीकडे सारख्या नाहीत. रामाच्या पानांवर कुठे बाण असतो, तर कुठे वानर. बंगालमध्ये विष्णुपूरच्या दशावतारी ताशांत नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ बसतो. ओडिशात हाच खेळ ‘गंजपा’ झाला आणि तिथल्या पटचित्रांची रेषा त्याने उचलली. म्हैसूरला तिसरे कृष्णराज वडियार यांनी एकोणिसाव्या शतकात या खेळाचे नवनवे प्रकार रचले, ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथातल्या कौतुकनिधीत त्यांची वर्णने लिहवून घेतली आणि पानांची संख्या एका प्रकारात ३६० पर्यंत नेली. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर आली असे सांगितले जाते. तिथल्या चितारी कारागिरांनी तिला आपले रूप दिले.

पान बनवणे कष्टाचे काम होते. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, लाखेचा हात द्यायचा आणि मग बारीक कुंचल्याने रंगवायचे. एका संचासाठी हे १२० वेळा. श्रीमंतांसाठी ‘दरबारी’ संच, नक्षीदार आणि महाग; साध्या घरांसाठी ‘बाजारी’ संच, मोजक्या रेषांचा. बाजारी संच होता याचाच अर्थ हा खेळ फक्त राजवाड्यात अडकलेला नव्हता.

आता खेळाकडे येऊ. गंजिफा साधारणपणे तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने येतात. भागीदार नाही, हुकूम नाही. उतारलेल्या रंगात ज्याचे पान वरचे, त्याचा हात. इथवर सोपे आहे. पण दोन गोष्टी डोक्याला काम देतात. पहिली अशी की निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत उलटे, एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. दुसरी गोष्ट मोजणीची. कोणत्या रंगातली कोणती पाने पडून गेली हे सतत लक्षात ठेवावे लागते. ज्याच्यावर चढेल असे पान आता कोणाकडेच उरलेले नाही, हे ओळखून ते उतरवणे हे या खेळातले खरे कसब. डावाची सुरुवातही वेळ पाहून होते: दिवसा ज्याच्याकडे राम, त्याची पहिली उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण, त्याची. मोगल गंजिफेत हाच मान दिवसा सोन्याच्या नाण्याला आणि रात्री रुपेरी नाण्याला होता.

दशावतारी गंजिफेतून मुलांना अवतारांची ओळख होते, असे तिच्याविषयी लिहिताना नेहमी म्हटले जाते. ते खरे आहे, पण कसे होते ते पाहण्यासारखे आहे. पानावर कोणी अवतारकथा लिहिलेली नसते. कोणते पान कोणत्या रंगाचे आणि त्या रंगात एक्का मोठा की दश्शी, हे चुकले तर हात जातो. हात जाऊ नये म्हणून मूल दहा नावे आणि दहा खुणा पाठ करते. शिकवण चित्रात नसून नियमात आहे. पान भिंतीवर लावले की चित्र उरते आणि शिकवण जाते.

खेळ मागे कसा पडला? छापील विलायती पत्ते आले. बावन्न पाने, चार रंग, एकच चढता क्रम, खिशात मावणारा कॅट आणि हाताने रंगवलेल्या संचापुढे अगदी किरकोळ किंमत. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर ही नावे मराठीत इतकी रुळली की ती बाहेरून आली हेही आपण विसरलो. त्या चार रंगांवर आपण आपले खेळ बसवले: मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, तीनशे चार. भाषेनेही ते मनावर घेतले. ‘हुकमी एक्का’, ‘पत्ता कट होणे’, ‘पत्त्यांचा बंगला’ हे शब्द कधीही पत्ते न खेळणारा माणूसही वापरतो. गंजिफेला कोणी हरवले असेल तर ते दुसऱ्या खेळांनी, खेळाच्या शत्रूंनी नव्हे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारे मोजकेच वयस्क चितारी उरले होते. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः हे काम शिकल्या, राजवाड्यात कारागिरांना जागा मिळाली, देशाबाहेरून मागणी येऊ लागली. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरच्या गंजिफा जमवल्या, त्यांचा अभ्यास केला आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्यांवर ग्रंथ लिहिला. या लोकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यामुळे पान वाचले. पण विकत घेणारा आता खेळाडू राहिला नव्हता, तो पाहुणा किंवा संग्राहक होता. संग्राहकाला एक सुंदर पान पुरते. खेळायला मात्र १२० पाने लागतात आणि समोर नियम जाणणारी दोन माणसे लागतात.

वस्तू आहे पण खेळ नाही, ही स्थिती संगणकावर उलटी होऊन येते. तिथे वस्तू जवळजवळ नसतेच. असतो तो फक्त नियमांचा मजकूर, आणि तो चालवणारे यंत्र बदलले की खेळ एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. याचे पहिले उदाहरण शाळेतलेच आहे. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच नावाचा एक शिकाऊ शिक्षक मुलांना इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात मिसुरीहून बैलगाड्यांनी ओरेगनकडे निघालेल्या वसाहतकारांचा प्रवास वर्गात जिवंत कसा करावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर या सोबत राहणाऱ्या दोन मित्रांच्या मदतीने त्याने दोनेक आठवड्यांत एक खेळ तयार केला: ‘द ओरेगन ट्रेल’. तेव्हा शाळेत पडदा नव्हता. दूरच्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने जोडलेले एक टंकयंत्र होते आणि ते कागदावर एकेक ओळ छापत असे. अन्नावर किती खर्च, कपड्यांवर किती, शिकार करायची की पुढे जायचे, हे मुले ठरवत. निर्णय चुकला तर वाटेत मरण. मुले रांगा लावून खेळली.

सत्र संपल्यावर रॉविचने तो खेळ संगणकावरून पुसून टाकला. पुसण्याआधी मात्र त्याचा सगळा मजकूर कागदावर छापून घेतला. १९७४ मध्ये तो मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत कामाला लागला तेव्हा त्याने त्या कागदांवरून तो खेळ पुन्हा टंकून काढला. पुढे ॲपलच्या संगणकांवरून तो अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोचला आणि पिढ्यांच्या आठवणीत बसला. संगणकयुगातला हा प्रसिद्ध शैक्षणिक खेळ तीन वर्षे फक्त कागदाच्या गुंडाळीत जिवंत होता. त्याच्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती योग्य होती: ज्यांच्या भूमीवरून त्या गाड्या गेल्या, त्या मूळ रहिवाशांची बाजू त्यात जवळजवळ नव्हती. खेळ शिकवतो तेव्हा तो आपली नजरही शिकवतो. राजाच्या दरबाराचे आठ रंग असोत की वसाहतकाराची बैलगाडी, कोणाला पानावर जागा मिळाली आणि कोणाला नाही, हे खेळताना विचारायलाच हवे.

दुसरी गोष्ट पत्त्यांची आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ नावाची संगणकीय शिक्षणप्रणाली विकसित होत होती. डोनाल्ड बिट्झर हे तिचे जनक. धडे, प्रश्न, उत्तरे तपासणे यांसाठी ती बांधलेली. सत्तरच्या दशकात तिचे नारिंगी प्रकाशाचे पडदे अनेक ठिकाणी एकमेकांना जोडले गेले आणि विद्यार्थ्यांनी त्यांवर धड्यांबरोबर खेळही रचले. १९७८ साली पॉल अल्फिल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिथे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा एक डाव लिहिला. ‘बेकर्स गेम’ नावाच्या जुन्या डावात पाने एकाच रंगाची लावावी लागत, अल्फिलने ती लाल-काळी अशी आलटून पालटून लावायची असा बदल केला. हा ‘फ्रीसेल’. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या प्लेटोवर जिम हॉर्न यांनी तो पाहिला, १९८८ मध्ये घरगुती संगणकासाठी लिहिला आणि पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये असताना विंडोजसाठी. विंडोज ९५ बरोबर तो जगभर गेला.

फ्रीसेलमध्ये सगळी ५२ पाने सुरुवातीपासून उघडी असतात, म्हणून नशिबाचा भाग पाने वाटून झाली की संपतो. हॉर्न यांच्या विंडोजवरच्या खेळात ३२,००० डाव होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. म्हणजे पुण्यातला माणूस आणि पॅरिसमधला माणूस नेमका तोच डाव खेळू शकत होते. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांच्या पुढाकाराने इंटरनेटवरच्या शंभराच्या आसपास हौशी माणसांनी हे डाव वाटून घेतले आणि एकेक सोडवत नेले. शेवटी एकच उरला: क्रमांक ११९८२. तो कोणालाच सुटला नाही आणि नंतर संगणकाकडून तपासून घेतल्यावरही सुटला नाही. हे सारे कोणत्या प्रयोगशाळेने सांगितलेले नव्हते. एकट्याने खेळायच्या डावाभोवती लोक एकत्र आले आणि त्यांनी आपले ज्ञान एकमेकांत वाटले.

फ्रीसेलचा भाऊबंद ‘सॉलिटेअर’ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला. मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी यांनी तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांनी काढली होती. माऊस हातात धरायची सवय तेव्हा फार थोड्यांना होती. पान उचलायचे, ओढायचे, जागेवर सोडायचे: या खेळात दुसरे काही करायचेच नसते. लाखो हातांना माऊस वळला तो असा. भारतातही शाळांत संगणक १९८४-८५ च्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाने बीबीसी मायक्रो यंत्रांवरून आणले होते, पण पुढच्या दशकात कचेऱ्यांतल्या आणि शिकवणीवर्गांतल्या अनेकांना माऊसची भीती घालवायला पत्तेच उपयोगी पडले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्राँग संग्रहालयाने सॉलिटेअरला व्हिडिओ गेमच्या मानाच्या यादीत बसवले. त्याआधीच, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये, तो संगणकाबरोबर आपोआप येणे बंद झाले होते.

या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे शिकवायचे ते नियमातच विणलेले असते, तिथे खेळणारा आनंदाने शिकतो. गंजिफेतली मोजणी, ओरेगनच्या वाटेवरचा हिशेब, सॉलिटेअरमधले ओढणे-सोडणे हे सगळे असे. उलट धडा एकीकडे आणि बक्षीस म्हणून उड्या मारणारे चित्र दुसरीकडे, असे पुष्कळ शैक्षणिक सॉफ्टवेअर बनते. मुलाला हा सौदा पहिल्याच दिवशी कळतो. ते धडा उरकते आणि चित्राकडे धावते. मुलासाठी असे काही निवडताना एकच प्रश्न पुरतो: यातला धडा काढून टाकला तर खेळ चालू राहतो का? चालू राहत असेल, तर धडा वरून चिकटवलेला आहे.

आता प्रत्यक्ष खेळण्याविषयी. घरात गंजिफा असेल तर ती कपाटातून काढा. एकदम १२० पाने घेऊ नका. दश्शी मोठी असलेले दोन रंग आणि एक्का मोठा असलेले दोन रंग निवडा. ४८ पाने होतील, तिघांत सोळा-सोळा. पहिले दोन-तीन डाव पाने उघडी ठेवून खेळा आणि पडलेले प्रत्येक मोठे पान मोठ्याने म्हणा. उलटा क्रम अंगवळणी पडला की एकेक रंग वाढवा. रंगवलेली पाने खराब होतील अशी भीती वाटत असेल तर जाड कागदाचा बाजारी संच घरीच बनवा. मुलांना तो बनवण्यातच अर्धा खेळ मिळतो.

फ्रीसेल खेळताना पहिली चाल करण्याआधी चारही एक्के कुठे दडलेत ते पाहा. मोकळे कप्पे भरण्याची घाई करू नका. एक स्तंभ लवकर रिकामा झाला तर तो मोकळ्या कप्प्यांपेक्षा जास्त कामाचा असतो. हरलात तर तोच क्रमांक पुन्हा लावा, नवा डाव मागू नका. आपण हरलो ते पानांमुळे की चालीमुळे, हे तेव्हाच समजते. आणि शेजारी कोणाला बसवा. एकट्याचा म्हटलेला हा डाव दोघांनी बोलत बोलत खेळला की त्याची गोडी वाढते.

शेवटी एक काम, ज्याला ना चितारी लागतो ना यंत्र. मेंढीकोट, झब्बू, तीनशे चार यांचे नियम घरोघर थोडे वेगळे असतात. हुकूम केव्हा ठरतो, कोट झाला तर काय, पान चुकीचे पडले तर दंड कोणता, हे आजोळी एक असते आणि सासरी दुसरे. बेळगाव, इंदूर, बडोदे, तंजावर इथल्या मराठी घरांत आणखी निराळे असेल. हे बहुतेक कुठेच लिहिलेले नसते. ते एखाद्या मावशीच्या, एखाद्या काकांच्या तोंडी असते. येत्या सुटीत त्यांच्याबरोबर डाव मांडा आणि उठण्याआधी नियम वहीत उतरवा, खालच्या बाजूला गाव आणि साल घालून. रॉविचच्या कागदाच्या गुंडाळीने एक खेळ तीन वर्षे सांभाळला. वही त्याहून बरीच जास्त वर्षे सांभाळेल, फक्त ती अधूनमधून उघडून कोणी तरी पत्ते पिसायला हवेत.